पिंजरा लावला, बिबट्या दूर सोडला आणि हल्ले वाढले: जुन्नर वनविभागातलं प्रकरण

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि माळशेज-भीमाशंकरचं रान, पूर्वेला कुकडी, मीना आणि घोड नद्यांची खोरी. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे फिरले आणि जिथं पावसाच्या भरवशावर बाजरी निघायची तिथं बारमाही ऊस उभा राहिला. माणसं गावठाण सोडून मळ्यात वस्ती करून राहू लागली. प्रत्येक वस्तीवर दोन-चार शेळ्या, गोठ्यात गाई, दारात कुत्रं, परसात कोंबड्या. या मुलखात बिबट्या राहतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी डोंगर उतरून येतो आणि पावसाळ्यात परत जातो, असं नाही. तो तिथंच जन्मतो, तिथंच वाढतो आणि तिथंच पिल्लं घालतो.

२००१ च्या सुमारास बिबट्यांबद्दलच्या तक्रारी वाढल्या आणि वनखात्यानं मोठ्या प्रमाणावर पिंजरे लावायला सुरुवात केली. पकडलेले बिबटे शेजारच्या जंगलांत नेऊन सोडायचे, असं धोरण ठरलं. पकडल्या जागेपासून सोडल्या जागेपर्यंतचं अंतर सरासरी ३९.५ किलोमीटर होतं. हेतू चांगला होता. बिबट्या हा जंगलाचा प्राणी, शेतात आला म्हणजे वाट चुकला, त्याला घरी पोचवू, असा त्यामागचा विचार. गावकऱ्यांनाही हेच हवं होतं आणि आजही बहुतेक ठिकाणी हीच मागणी असते.

झालं उलटं. १९९३ ते २००१ या काळात या वनविभागात बिबट्यानं माणसावर केलेले हल्ले वर्षाला सरासरी चार होते. स्थलांतराच्या काळात, २००१ ते २००३ मध्ये, ती सरासरी १७ वर गेली. सव्वाचार पट. वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी तपासल्या आणि २०११ मध्ये शोधनिबंधात मांडल्या. जिथं बिबटे नेऊन सोडले त्या जागांच्या आसपासही हल्ले होऊ लागले होते. म्हणजे एका तालुक्यातलं दुखणं दुसरीकडे गेलं आणि मूळ जागीही वाढलं. हे का झालं ते समजायचं, तर आधी उसातला बिबट्या जगतो कसा ते नीट पाहायला हवं.

उसाच्या फडातला बिबट्या

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. पूर्वहंगामी लागण चौदा-पंधरा महिने, 'सुरू' लागण बारा. त्यामागून खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या खोडातून पुन्हा फुटलेलं पीक. एका शिवारात या सगळ्या लागणी मागेपुढे असतात, त्यामुळे एक फड तुटला तरी शेजारचा उभा असतो. आत दिवसाही अंधार, खाली पाचटाचा थर, कडेला पाटाचं पाणी. दिवसभर पडून राहायला बिबट्याला यापेक्षा चांगली जागा लागत नाही.

शिकार मात्र तो फडाच्या आत क्वचितच करतो. वाळलेलं पाचट पायाखाली वाजतं, आणि बिबट्याची सगळी भिस्त आवाज न होण्यावर असते. तो लांब पल्ल्याचा धावणारा नाही. पोट जमिनीला टेकवत सावजाच्या काही हातांवर पोचायचं, मग एकाच झेपेत मान किंवा नरडं धरायचं, ही त्याची पद्धत. झेप चुकली तर तो सहसा पाठलाग करत नाही. म्हणून तो बसतो कडेला: बांधावर, ओढ्याच्या घळीत, कालव्याच्या भरावावर, वस्तीकडे जाणाऱ्या पाऊलवाटेशेजारी. कुत्र्यासारखं लहान सावज तो तोंडात धरून उचलून नेतो, शेळी फरफटत फडात ओढतो. शिकार अर्धवट राहिली तर पुढच्या रात्री तो तिथं परत येण्याची शक्यता मोठी असते. पुढे पिंजऱ्याचा विचार करताना ही सवय महत्त्वाची ठरते.

तो खातो काय, याचं उत्तर शेजारच्या अकोले तालुक्यातून मिळालं. तिथं ८५ विष्ठांची तपासणी झाली. खाल्लेल्या मांसाच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. कुत्री ३९ टक्के, मांजरं १५ टक्के आणि शेळ्या अवघ्या ११. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि दिवसा तिच्यामागे माणूस असतो. कुत्रं उकिरड्यावर मोकळं फिरतं. वस्तीच्या कडेला कोंबडीची आतडी, मेलेली वासरं, हॉटेलचं खरकटं पडलं की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्याच तालुक्यात कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसं निघाली. माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त. आणि त्या काळात तिथं बिबट्यानं माणूस मारल्याची नोंद नव्हती. अकोले तालुक्यातले आदिवासी वाघबारस पाळतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. माणूस आणि हा प्राणी एकमेकांना ओळखून आहेत ते काही उसापासून नव्हे.

आता ही घनता डोक्यात ठेवून जागेचा हिशेब पाहा. प्रौढ मादी स्वतःचा इलाखा धरून असते. नराचा इलाखा मोठा, त्यात दोन-तीन माद्यांचे इलाखे येतात. मूत्राचे फवारे, जमिनीवर मागच्या पायांनी काढलेले ओरखडे, झाडाच्या बुंध्यावरचे नखांचे घाव आणि रात्रीचा करवत चालवल्यासारखा आवाज, यांतून एकमेकांना हद्दी कळतात. पिल्लं दीड-दोन वर्षांची होईपर्यंत आईबरोबर असतात, मग बाहेर पडतात. म्हणजे कोणत्याही वेळी शिवारात जागा धरलेले काही बिबटे असतात आणि जागा शोधत फिरणारे काही तरणे असतात.

पिंजऱ्यात नेमकं काय घडतं

पिंजरा लोखंडी गजांचा, सात फुटांच्या आसपास लांब, दोन कप्प्यांचा. मागच्या लहान कप्प्यात जाळीआड शेळी किंवा कोंबड्या. पुढच्या कप्प्यात तळाला पाटा असतो. बिबट्याचा भार त्यावर पडला की अडकवलेली खिट्टी सुटते आणि सरकता दरवाजा वरून खाली येतो. रचना साधी आहे आणि ती काम करते. अडचण वेगळीच आहे. पिंजरा निवड करत नाही. ज्या बिबट्यानं माणसावर हल्ला केला तोच आत जाईल याची काही खात्री नसते. त्या वाटेनं जाणारा पहिला भुकेला प्राणी आत जातो, आणि तो बहुधा अनुभव नसलेला तरणा नर किंवा पिल्लांसाठी शिकारीच्या ओढीत असलेली मादी असते. गावात 'पकडला एकदाचा' म्हणून फटाके वाजतात. खरा हल्लेखोर फडात असू शकतो.

आत अडकलेला बिबट्या गज चावतो. सुळे मुळापासून तुटतात, नखं उखडतात, कपाळ सोलवटतं. सकाळी पिंजऱ्याभोवती शे-दोनशे माणसं जमली, मोबाइल पुढे झाले, कोणी काठीनं डिवचलं, की पुढच्या दोन तासांत रात्रभरापेक्षा जास्त इजा होते. सुळा तुटलेला बिबट्या शेळीचं नरडं नीट धरू शकत नाही. अशा जनावराला अनोळखी जंगलात सोडणं म्हणजे त्याला उपाशी मरायला किंवा सोप्या सावजाकडे वळायला लावणं.

पिंजरा लावावाच लागला तर काही गोष्टी सुरुवातीलाच करायच्या असतात. दरवाजा पडतो त्या खाचेत आणि गजांच्या टोकांना धार राहू द्यायची नाही. पिंजऱ्यावर आधीच गोणपाट किंवा पाला टाकून ठेवायचा. पाहणी पहाटे उजाडायच्या आत करायची. जनावर सापडलं की लगेच सगळ्या बाजूंनी झाकायचं आणि ऊन चढायच्या आत हलवायचं. अंधार झाला की बिबट्या पुष्कळ शांत होतो. झाकलेल्या पिंजऱ्यात तो गज चावणं बऱ्याचदा थांबवतो.

हल्ले वाढण्यामागची कारणं

पहिलं कारण मोकळ्या झालेल्या जागेचं. जुना बिबट्या उचलला की त्याचा इलाखा रिकामा राहत नाही. ऊस तोच, कुत्री तीच, पाणी तेच. काही आठवड्यांत फिरता तरणा नर किंवा शेजारची मादी तिथं येते. जुन्या बिबट्याला ठाऊक होतं की कोणत्या वस्तीवरची माणसं किती वाजता मोटार चालू करायला येतात, मुलं कोणत्या वाटेनं शाळेतून परततात, कुत्री कुठं जमतात. तो त्या वेळा टाळून हिंडत होता. नवख्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्यातच एका जागेवर दोघा-तिघांनी दावा सांगितला तर आपसांत मारामाऱ्या होतात आणि हरलेला वस्तीच्या कडेला ढकलला जातो.

दुसरं कारण सोडलेल्या जनावराचं. ज्या जंगलात त्याला नेऊन सोडलं तिथं आधीच बिबटे आहेत. ते त्याला टिकू देत नाहीत. शिवाय मांजरकुळातल्या प्राण्यांना आपल्या जागेकडे परतायची जबर ओढ असते. मग तो चालू लागतो, अनोळखी गावांमधून, पोटात काही नसताना.

याचा थेट पुरावा जीपीएस पट्ट्यांनी दिला. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून एक प्रौढ नर काढला गेला. त्याला 'आजोबा' हे नाव मिळालं. गळ्यात पट्टा बांधून त्याला ५२ किलोमीटरवर माळशेजच्या बाजूला सोडलं. तिथं भरपूर जंगल होतं, पण तो थांबला नाही. ३७ दिवसांत सरळ रेषेत मोजलं तर ८९ किलोमीटर गेला. प्रत्यक्ष चाल त्याहून कितीतरी जास्त. महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि औद्योगिक वसाहती ओलांडून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्यानं कोणालाही इजा केली नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदरजवळ महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो मेला. तितक्याच अंतरावर नेऊन सोडलेली एक मादी पाच महिन्यांत ४५ किलोमीटर गेली आणि तिचा इलाखा शेवटी ६५ चौरस किलोमीटरचा झाला. याउलट पकडल्या जागेजवळच सोडलेल्या तीन बिबट्यांचे इलाखे ८, ११ आणि १५ चौरस किलोमीटर एवढेच होते. ओळखीच्या जागी बिबट्याला थोडक्यात भागवता येतं. अनोळखी जागी त्याला चार-पाचपट रान तुडवावं लागतं आणि तितक्याच जास्त वेळा तो माणसासमोर येतो.

दाट वस्तीत राहणाऱ्या, जीपीएस पट्टा बांधलेल्या बिबट्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के नोंदी घरांपासून २५ मीटरच्या आतल्या होत्या. दिवसा ते प्रमाण एक टक्काही नव्हतं. म्हणजे रात्री दर पाचव्या नोंदीच्या वेळी तो कुणाच्या तरी ओसरीबाहेर होता आणि आत झोपलेल्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वस्तीजवळ बिबट्या दिसणं आणि बिबट्यानं माणसावर हल्ला करणं या दोन पूर्णपणे वेगळ्या घटना आहेत. 'दिसला' म्हणून पिंजरा लावण्यानंच २००१ चं चक्र सुरू झालं होतं.

तिसरं कारण पिल्लांचं. मादी पकडून नेली आणि तिची पाच-सहा महिन्यांची पिल्लं फडात राहिली तर ती एकट्यानं शिकार करू शकत नाहीत. उकिरडे, कोंबड्या, गोठे यांभोवती ती दिवसाढवळ्या घोटाळतात.

आणि चौथं, बंदिवासाचं. पकडल्यापासून सोडेपर्यंत काही दिवस-आठवडे जनावर माणसांच्या सहवासात, माणसाच्या हातचं खात, सततच्या ताणात असतं. माणसापासून दूर राहण्याची जी सवय त्याला आणि आपल्याला वाचवत होती तीच मोडते.

पिल्लं सापडली तर

स्थलांतराच्या अनुभवातून जे शहाणपण आलं त्याचं सर्वांत नेमकं रूप दिसतं ते तोडणीच्या हंगामात. नोव्हेंबर ते एप्रिल कारखाने चालू असतात आणि कोयत्याच्या टोळीला पाचटात पिल्लं सापडतात. बिबट्याची मादी ९० ते १०५ दिवसांची गाभण राहून बहुधा दोन-तीन पिल्लं घालते. जन्मताना पिल्लू अर्धा किलोच्या आसपास, डोळे मिटलेले. दहाएक दिवसांत ते उघडतात. आई शिकारीला गेलेली असते किंवा कोयत्यांच्या आवाजानं शेजारच्या फडात सरकलेली असते. तिनं पिल्लं टाकलेली नसतात.

आधी ती बिबट्याचीच आहेत का ते पाहावं. उसात रानमांजर आणि वाघाटीही पिल्लं घालतात आणि गडबडीत सगळीच बिबट्याची म्हणून कळवली जातात. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानानं बोजड, शेपूट जाड आणि अंगभर दाट काळे ठिपके. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फिकट पट्टे असतात आणि कान लांबट. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेलीसुद्धा दीड किलोच्या आसपास. तिच्या पिल्लाच्या कपाळावर उभ्या रेघा आणि पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी दिसतात. तिन्ही बाबतींत करायचं एकच: आईला पिल्लं परत द्यायची.

तोडणी तिथं थांबवायची, माणसं मागे घ्यायची, जागेवर खूण करायची. वनखात्याचा माणूस आणि पशुवैद्य आल्यावर हातमोजे घालून पिल्लं उचलतात, जखम आणि अंगातलं पाणी तपासतात, वजन घेतात, शक्य असेल तर ओळख पटवणारी चिप बसवतात. दिवस मावळायच्या आत पिल्लं प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवून तो कॅरेट सापडल्या जागीच मांडतात, वर हलकं झाकण. झाकण इतकंच जड हवं की पिल्लू बाहेर पडू नये, पण मादीनं पंजानं ढकललं की उलटावं. समोर कॅमेरे लावून सगळे निघून जातात. मादी बहुतेक वेळा त्याच रात्री येते, कॅरेट हुंगते, आडवा पाडते आणि पिल्लाची मान धरून एकेक करून घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करायचा.

हा प्रयत्न फसतो तो ठरलेल्या कारणांनी. कॅरेट मूळ जागेपासून रस्त्याच्या सोयीसाठी दूर मांडला जातो. बांधावर बॅटऱ्या घेऊन पोरं बसून राहतात. दिवसभरात डझनभर माणसांनी पिल्लं हाताळून फोटो काढलेले असतात. किंवा मुकादमाला घाई असते आणि उरलेला फड त्याच संध्याकाळी तोडून टाकला जातो, मग मादीला यायला आडोसाच राहत नाही. एक फड दोन दिवस उशिरा तुटल्यानं होणारं नुकसान चवताळलेल्या मादीपुढे काहीच नाही. ती रात्र-रात्र पिल्लं शोधत वस्त्यांभोवती हिंडते, तेव्हा अंगणात कोणीही सुरक्षित नसतं. उभा ऊस पेटवून मग तोडण्याची पद्धत तर पिल्लांच्या थेट जिवावर उठते.

तोडणीची दिशाही महत्त्वाची आहे. फड चारी बाजूंनी कापत आत आलं की मधल्या तुकड्यात बिबट्या कोंडला जातो आणि शेवटच्या दहा-बारा सऱ्यांत तो माणसांच्या अंगावरून बाहेर पडतो. एका बाजूनं सुरुवात करून उभ्या उसाकडे किंवा ओढ्याकडे वाट मोकळी ठेवली तर तो आवाज ऐकून आधीच निघून जातो.

माणसाचा जीव वाचवायचा तर

हल्ले बहुतेक लहान मुलांवर किंवा वाकलेल्या-बसलेल्या माणसांवर होतात. कडेला दबा धरून बसलेल्या बिबट्याला अंधुक उजेडात दिसतो तो फक्त आकार, आणि ओणवी गवत कापणारी बाई किंवा परसाकडे बसलेलं मूल त्याला शेळी-कुत्र्याच्या उंचीचं दिसतं. उभा, बोलणारा, चालणारा माणूस तो टाळतो. म्हणून संध्याकाळी सहानंतर मुलं फडालगत एकटी नकोत, घराभोवती दहा-पंधरा फूट जागा गवत-पिकाविना स्वच्छ हवी, शौचालय घराला लागून हवं आणि रात्री पाणी द्यायला जाताना दोघांनी मोठ्यानं बोलत जावं. शेतीला दिवसा वीज मिळाली तर यातला बराच धोका आपोआप कमी होईल, आणि ती मागणी पिंजऱ्यापेक्षा जास्त जोरानं व्हायला हवी. सर्वांत उघड्यावर असतात ते ऊसतोड कामगार: फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, दाराला फळी नाही, आत झोपलेली मुलं. त्यांच्या राहण्याची जागा फडापासून दूर आणि बंदिस्त करणं ही कारखान्यांची जबाबदारी आहे.

गोठ्याला वरूनही जाळी हवी. भिंत पाच फूट असली आणि वर मोकळं असलं तर बिबट्या सहज आत उतरतो, आणि बंद जागेत घाबरून उधळलेल्या शेळ्या एकामागून एक मारतो. धनगर मेंढरांभोवती वाघर (जाळं) लावतात तेही उपयोगी आहे, कारण त्यामागे जागा माणूस आणि कुत्री असतात.

केंद्र सरकारनं एप्रिल २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट पकडून दूर सोडण्यावर फुली मारली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असला तरच, तेही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशानं, त्याला पकडता किंवा मारता येतं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांच्या आसपास तीन जीव गेले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप रास्त होता. माणसं मारणारा बिबट्या कायमचा हटवलाच पाहिजे, आणि पुन्हा कुठल्याही जंगलात सोडता कामा नये. पण हटवायचा तो तोच बिबट्या.

त्यासाठी हल्ल्यानंतरचे पहिले काही तास हातचे जाऊ देऊ नयेत. जखमेवरची लाळ आणि कपड्यांवरचे केस धुण्या-पुसण्याआधी डीएनए तपासणीसाठी घ्यायचे. ठसे तुडवले जाण्याआधी मोजायचे; बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्रा आणि तरसाच्या ठशात उमटतात. हल्ल्याच्या जागेभोवती पिंजऱ्याआधी कॅमेरे लावायचे, कारण प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते आणि त्या परिसरात कोण-कोण फिरतंय ते दोन-तीन रात्रींत समजतं. मग त्या विशिष्ट जनावराच्या वाटेवर पिंजरा. आत जे सापडेल त्याचे ठिपके फोटोंशी, चिप जुन्या नोंदींशी आणि डीएनए लाळेशी ताडून पाहायचा. मादी असेल तर सड तपासायचे. दूध असेल आणि बाकी काही जुळत नसेल, तर पिल्लं त्याच शिवारात आहेत, आणि तिला त्याच रात्री त्याच बांधावर सोडायचं.